वानोळा कधी द्यावा

माझ्या सासऱ्यांच्या मते वांग्याचे दोन प्रकार असतात. दिवाळी उलटल्यावर, धान चुरून घरात आल्यावर कोणाच्या घरी नेऊन दिलं तर तो वानोळा. तेच वांगं, त्याच झाडाचं, पाणीवाटपाच्या दिवसांत पाटकऱ्याच्या घरी नेऊन दिलं तर ती लाच. हे ते इतक्या ठामपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी संशोधन केंद्रानं ही दोन वाणं वेगळी काढली आहेत आणि यांच्याकडे त्यांचं बियाणं आहे.

लग्न होऊन मी लाखांदूरकडून या गावात आले. हे गाव करडी नावाच्या गावाच्या बाजूला, एका जुन्या तळ्याच्या पायथ्याशी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे सगळ्याच सुना म्हणतात. माझं शिलाई मशीन सपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या ओसरीत मांडलेलं आहे. त्यामुळं गावात कोण कुठं चाललं आणि हातात काय घेऊन चाललं, हे मला न विचारता कळतं. पुढं जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी ब्लाऊजला हातशिलाई घालता घालता पाहिलेलं आहे.

तळ्याचं पाणी सोडायच्या तोंडाला इथं तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी नहरात, म्हणजे पाटात, येतं आणि नहरातून एकेकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. हे काम पाटकऱ्याचं. गावच्या पाणी समितीनं त्याला नेमलेलं. माणूस साधा, अंगानं किरकोळ, सगळ्यांशी हसून बोलणारा. वाटपाचा नियम जुना आहे: पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं आणि मग एकेक करत तळ्याकडं यायचं. नाही तर तळ्याजवळचे पोटभर पितात आणि टोकाचे आभाळाकडं बघत बसतात. हा नियम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेला होता.

टोकाचे म्हणजे आम्ही. आमच्या बांधीपलीकडं फक्त एक बांधी आहे, ती काकाजींची. काकाजी म्हणजे मामाजींचे शाळेपासूनचे दोस्त. मामाजी बोलणार आणि काकाजी मान हलवणार, असा त्यांचा आयुष्यभराचा करार असावा. दोघांचीही शेती विकण्याजोगी नाही, खाण्याजोगी आहे. वर्षाचा भात तेवढा त्यातून निघतो. नाही निघाला तर वर्षभर रेशनचा तांदूळ खायचा, आणि धान पिकवणाऱ्या माणसाला रेशनच्या रांगेत उभं राहताना काय वाटतं, ते इथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

काही वर्षांपूर्वी पाटकरी तापानं पडला. चांगला महिनाभर खाटेवर होता. गाव त्याच्या घरी जाऊन आलं, आणि रिकाम्या हातानं गेलं नाही. तळ्याला लागून ज्यांची शेती आहे, त्या घरातून रोज दुधाचा गंज जायचा. आता आमच्याकडं रीत अशी की, कोणाच्या घरून भरलेलं भांडं आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही. मूठभर तांदूळ, चिमूटभर साखर, काहीच नसलं तर परसातल्या दोन मिरच्या, पण काहीतरी घालायचं. पाटकऱ्याच्या घरात त्या महिन्यात मिरच्यासुद्धा नव्हत्या. त्याची बायको माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येते, तिनं मला हे स्वतः सांगितलं.

"बाई, खाली गंज कसा पाठवू? शरमच वाटे मले. मी आमच्या यायले म्हटलं, आपल्या घरी द्याले काय हाये? यायनं म्हटलं, पाणी हाये."

तर पाटकरी बरा झाला, आणि त्या घरच्या बांधीत त्यानं पाणी जरा जास्त वेळ चालू ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं. दुधाचा गंज रिकामा परत गेला नाही, एवढंच झालं.

शेजारच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, माणसानं ते पाहिलं. त्यानं विचारलं असेल, आणि यानं खरं तेच सांगितलं असेल, की बाबा, मी दूध दिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात लाखोळीची डाळ गेली. मग काकड्या, मग कोहळं, मग एक कोंबडा. पाटकऱ्याच्या बायकोनं एकही भांडं रिकामं पाठवलं नाही, आणि तिच्याकडं घालायला एकच वस्तू होती. दोन हंगामांत गोष्ट अशी झाली की कोणी जास्त पाणी मिळावं म्हणून देईना, जो तो कमी मिळू नये म्हणून देऊ लागला. जो नेत नव्हता त्यालाच लोक विचारत, "काहून बाप्पा, पाटकऱ्यासंगं काही बिनसलं काय तुह्यं?"

तळ्यात मासे सोडणारी मंडळी गावातलीच. त्यांना पाणी तळ्यात राहिलेलं हवं असतं, कारण मासा पाण्यात वाढतो. ते वाम आणि मरळ नेऊन देत, की तुडूम जरा उशिरा उघडा. शेतकरी कोंबडा देत, की लवकर उघडा. पाटकऱ्यानं कोणाचंही मन मोडलं नाही. दोन्ही जेवला आणि तुडूम अर्धं उघडलं. तेव्हा पाण्यानं कोणाचंच समाधान झालं नाही, पण त्याला निष्पक्ष म्हणणारे लोक निघाले.

या प्रकाराला किती पाय फुटतात, ते मला माझ्या सपरीत बसून कळलं. पाटकऱ्याची बायको माझ्याकडं बसून बोलते, हे लोकांनी पाहिलं होतं. एका सकाळी एक बाई काकड्या घेऊन आली. सहज आणल्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुसरी भोपळा घेऊन आली, तिनंही सहजच आणला होता. दोघींनी जाताना पाटकरीणबाईची चौकशी केली. माझ्या हातात ना तुडूम, ना नहर, हातात एक कात्री. पण मलाही एक खुर्ची मिळाली होती असं दिसलं. मामाजींनी त्या काकड्या आणि तो भोपळा गायीपुढं टाकला. गाय काही म्हणाली नाही.

त्यानंतर मामाजी ग्रामसभेत उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. ते चांगलं बोलले, अगदी मनापासून.

"पाटकऱ्याच्या घरी तुमी भांडे नेऊन राहिले, अन् शेवटच्या माणसाच्या पोटातला घास काढून राहिले. वानोळा देवाची वस्तू हाये. तिले तुमी बाजारात बसवली."

सगळ्यांना पटलं. भ्रष्टाचार वाईट याबद्दल आमच्या गावात कधीच दुमत नव्हतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊचं बरोबर हाये. हे वरून खालपर्यंत पसरून राहिलं." वरून म्हणजे दिल्लीहून, असं त्यांच्या हातावरून दिसलं. तळ्याजवळचे शेतकरी टाळ्या वाजवत होते. पाटकरीही वाजवत होता. शेवटी भिंतीवरचा नियम पुसट झाल्यामुळं हे होत असावं असं ठरलं, आणि तो पुन्हा रंगवून घेण्याचा ठराव झाला. यावेळी लाल रंगात.

त्याच वर्षी पावसानं दगा दिला. रोवणी झाली तेव्हा ठीक होता, गणपती गेले आणि तो जो गेला तो आलाच नाही. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निसवायला आलेलं. या वेळी बांधीत एक पाणी लागतंच. मिळालं तर लोंबीत दाणा भरतो. नाही मिळालं तर लोंबी वर येते, उभी राहते, दिसायला छान दिसते आणि आत नुसतं फोल असतं. म्हणजे एका पाण्यावर आमचा आणि काकाजींचा वर्षाचा भात अडकला होता.

लाल अक्षरांत लिहिलेला नियम बाजूला राहिला आणि पाणी तळ्याकडून सुरू झालं. रोज एकेक बांधी भिजायची. मामाजी आणि काकाजी रोज सकाळी नहराच्या टोकाला जाऊन बसायचे आणि कोरडा नहर बघून परत यायचे. बांधीला भेगा पडू लागल्या होत्या. मी डबा घेऊन गेले होते त्या दिवशी काकाजी हळूच म्हणाले, "भाऊ, एक कोंबडा नेऊन देऊ काय? आपल्या दोघायच्या नावानं."

मामाजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तू नेशीन, त मी तुह्याशी जन्मात बोलणार नाई."

काकाजींनी मान हलवली. मला तेव्हा मामाजींचा अभिमान वाटला. तो खोटा नव्हता, म्हणून लिहिते. एवढ्या माणसांत एक माणूस भेगाळलेल्या जमिनीवर बसून नाही म्हणतो, हे बघायला बरं वाटतं. भाताची काळजी त्यानंतर थोड्या वेळानं वाटली.

सासूबाई या विषयावर कधी बोलत नसत. त्या चुलीपुढं बसून ऐकत. आमच्या एकुलत्या गायीचं लोणी साठवून त्यांनी दिवाळीसाठी तूप कढवलं होतं. मामाजींना भातावर तूप लागतं, बाकी जगात काहीही झालं तरी. एका दुपारी सासूबाई पदराखाली काहीतरी धरून सपरीतून बाहेर पडल्या.

"देवळात जाऊन येते," म्हणाल्या.

पदर चांगलाच फुगला होता. दिव्याला एवढं तूप लागत नाही, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी मशीनला पाय मारला. त्या देवळाच्या उलट दिशेला वळल्या.

दोन दिवसांनी आमच्या बांधीत पाणी आलं.

मामाजी धुऱ्यावरून पळत घरी आले. या वयात मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं. सपरीत उभे राहून ते आम्हा दोघींना सांगत होते, "पाह्यलं काय? काही दिलं नाई, काही घेतलं नाई, तरी आलं. माणूस सरळ राहिला पाहिजे. पाटकरी बी शेवटी माणूसच हाये, त्याले बी लाज वाटली असंन."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "हातपाय धुवा."

त्या रात्रीच्या भातावर तूप नव्हतं. मांजरीनं सांडलं असं सासूबाईंनी सांगितलं. मामाजींनी मांजरीला दोन शब्द सुनावले आणि कोरडा भात असा चवीनं खाल्ला की मला त्यांच्या ताटाकडं बघवेना.

इथपर्यंत ही एका घराची गंमत होती. पण मामाजींनी ती घरात ठेवली नाही. त्यांना पुरावा मिळाला होता. ते पानटपरीवर बोलले, पारावर बोलले, आणि सगळ्यात जास्त काकाजींशी बोलले. आमच्याकडं पाणी आलं त्या दिवशी सकाळी काकाजींची बायको कोंबडा टोपलीखाली झाकून निघालीच होती. काकाजींनी तिला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. हे तिनं मला नंतर सांगितलं, चिडून नाही, जसं घडलं तसं. काकाजी तिला म्हणाले होते, "भाऊच्या बांधीत न देता आलं. उद्या आपली पाळी. खालीपिली काहून शरम घालवतेस?"

उद्या पाटकरी आला नाही. परवाही नाही. तळ्यातलं पाणी खाली गेलं होतं, मासेवाल्यांनी पुन्हा मरळ नेऊन दिली होती, आणि तुडूम बंद झालं ते झालंच. आमच्या बांधीत घोट्यापर्यंत पाणी उभं होतं. मधे एक धुरा. पलीकडं काकाजींच्या बांधीत भेगा रुंदावत होत्या. मामाजींनी धुरा फोडून थोडं तिकडं सोडलंही, पण आमचंच जमिनीत मुरत चाललं होतं, पलीकडं गेलं ते ओंजळभर.

मी सासूबाईंना म्हटलं, आता तरी काकाजींना सांगून टाका, ते आपलं काहीतरी करतील.

त्या तांदूळ निवडत होत्या. "सांगन. मंग तो यायले सांगन. मंग यायनं उभा धान पेटवून देला त खाशीन काय?"

त्या बरोबर होत्या. मामाजींनी खरंच पेटवला असता. मला त्या दिवशी राग आला, आणि तो कोणावर काढावा ते समजेना. मामाजी प्रामाणिक, सासूबाई पोटाची काळजी करणाऱ्या, पाटकरी कोणाचं भांडं रिकामं न पाठवणारा. सगळे भले. भल्या माणसांवर राग काढायला जागा सापडत नाही, तेव्हा तो एखाद्या ब्लाऊजच्या बाहीवर निघतो. ती मी दोनदा उसवली.

दिवाळीनंतर धान कापणीला आलं. आमचं भरलं होतं. काकाजींच्या कापलेल्या धानाचा कडपा उचलला की हातालाच कळायचं, वजनच नव्हतं. वाऱ्यावर धरलं तेव्हा बरंच उडून गेलं. जे खाली पडलं ते पोत्याच्या तळाशी मावलं. काकाजी रेशनच्या रांगेत उभे राहिले. मामाजी हळहळले. पण तळ्यातलं पाणीच संपलं तर पाटकरी काय करणार, असं म्हणाले. गावात आता त्यांच्याइतका पाटकऱ्याचा कैवारी दुसरा कोणी राहिला नव्हता. आणि मग नव्या तांदळाचा मोठा गंज भरून ते स्वतः काकाजींच्या घरी देऊन आले. हंगाम संपला होता, महिना योग्य होता. वानोळा होता.

पुढच्या पावसाळ्यात, अजून रोपांसाठी पऱ्हेही टाकून झाले नव्हते, तेव्हा काकाजी आमच्या सपरीसमोरून गेले. दिवसाउजेडी, भर रस्त्यानं, काखेत लाल तुऱ्याचा कोंबडा. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चालण्यात नव्हतं. मामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी पाहिलं. काकाजींनीही पाहिलं आणि सवयीनं मान हलवली. मामाजींनी तोंड फिरवलं.

"अशाच मान्सायनं गाव नासवलं," ते म्हणाले. "एक पाणी नाई भेटलं, त इमान विकलं. शाळेपासून ओळखतो मी त्याले. मले वाटे, हा त तसा नाई."

मी सुईत दोरा ओवत होते. तो जाईना.

ऊन उतरायच्या आत काकाजी परत आले. मामाजी तेव्हा घरी नव्हते, गायीला आणायला गेले होते. काकाजींच्या हातात आता कोंबडा नव्हता, एक स्टीलचा झाकणाचा डबा होता. तो त्यांनी सासूबाईंच्या हातात दिला. डब्याच्या पोटावर, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोरतात तसं, मामाजींचं पूर्ण नाव कोरलेलं होतं.

"वहिनी, पाटकऱ्याच्या फळीवर होता. मी मागून आणला. भाऊ कधी तिकडं गेले असते, त त्यायच्या नजरेले पडला असता."

सासूबाई डबा धरून उभ्या राहिल्या. काकाजींनी पाणी मागितलं, मी तांब्या दिला. ते प्यायले, तांब्या ओट्यावर ठेवला आणि चपला पायात घालता घालता म्हणाले, "त्या दिवशी मले नुसतं खुणावलं असतं, तरी चाललं असतं वहिनी. मी भाऊले कायले सांगतलं असतं?"

आणि निघाले. गल्लीच्या वळणावर त्यांना मामाजी भेटले, गायीचा दोर हातात धरून. काकाजी थांबले. मामाजी थांबले नाहीत.

सासूबाईंनी तोवर डबा तांदळाच्या कोठीत खोल खुपसला होता. मामाजींनी गाय बांधली, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले.

"काय मागाले आला होता थो?"

"काही नाई," सासूबाई म्हणाल्या. "पाणी पिऊन गेला."

"यापुढं त्याले पाणी बी देत जाऊ नोका," मामाजी म्हणाले, आणि ताट पुढं ओढलं.